वाकणातलं पाणी

१

वाळवंटात उभ्या असलेल्या घरगाडीला वास येतोच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सिंक, बेसिन, शॉवर, प्रत्येकाच्या खालच्या पाइपाला एक वाकण असतं. त्या वाकणात पेलाभर पाणी साचून राहतं, आणि तेवढंच पाणी खालच्या टाकीतली हवा घरात येऊ देत नाही. ॲरिझोनाच्या कोरड्या वाऱ्यात ते पाणी बघता बघता उडून जातं. मग टाकीची हवा मोकळी होते आणि माणूस दार उघडतो तेव्हा नाक धरून मागे सरतो.

म्हणून तिथल्या घरगाड्यांच्या तळावर एक रीत आहे. कुणी काही दिवस बाहेरगावी गेलं, की किल्ली शेजारच्याकडे ठेवून जातं. शेजारी अधूनमधून आत शिरतो आणि प्रत्येक भोकात मगभर पाणी ओततो. कुंडीतल्या झाडांना घालावं तसं.

हॉलिस जानेवारीत गेला. त्याची किल्ली वर्नेलबाईंकडे होती, म्हणून त्या पाणी ओतत राहिल्या. मेलेल्या माणसाच्या मोरीत पाणी घालायचं की नाही, याचा नियम तळावर कुणी केलेला नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ डॅरेल आला तेव्हा मार्च संपत आला होता. तो वर नॉर्थ डकोटात होता, आधी बिटाच्या काढणीवर आणि मग साखर कारखान्यात. निरोप त्याच्यापर्यंत पोचला तोवर दहनासकट सगळं उरकलं होतं. वर्नेलबाई आपल्या छोट्या गाडीच्या पायरीवर बसून दाढीवाल्या कुत्र्याचे केस विंचरत होत्या. डॅरेलला बघून त्यांनी कंगवा खाली ठेवला.

"तूच का तो धाकटा?"

"हो."

"नाक सारखंच आहे." त्या उठल्या, आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात चौकोनी खोका होता. पुठ्ठ्याचा, पण जड. "हा तुझा भाऊ. मी त्याला सावलीत ठेवलं होतं हो."

डॅरेलने खोका घेतला. तो म्हणाला, "थँक यू, बाई."

"आत वास येईल. घाबरू नकोस. सिंकमध्ये, बेसिनमध्ये, संडासात मी पाणी घालत आले आहे. शॉवरमध्ये नाही."

"का?"

"त्यानेच सांगून ठेवलं होतं. शॉवर सोडून द्या म्हणाला." त्यांनी आपला गुडघा चोळला. "तिथली पायरी उंच आहे ना. माझ्या गुडघ्याची काळजी असेल त्याला. तसा मायाळूच होता, तोंडाने फटकळ असला तरी."

२

गाडी जुनी आणि लांब होती. डॅरेल त्यात चार वर्षं राहिला होता, त्यामुळे कुठे डोकं वाकवायचं ते त्याच्या मानेला पाठ होतं. टेबलावर हॉलिसचा चष्मा उपडा पडला होता. खुंटीला त्याचं खाकी जाकीट होतं. डॅरेलने जाकिटात तोंड घातलं, पण वासामुळे काहीच हाती लागलं नाही. सगळीकडे फक्त टाकीचा वास होता.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पंपाचं बटण होतं. त्यावर काळ्या चिकटपट्टीची फुली मारलेली होती. हॉलिसला प्रत्येक गोष्टीवर चिकटपट्टी मारायची खोड होती. रेडिओ, चपला, एकदा तर स्वतःचं बोट. डॅरेलने फुली ओरबाडून काढली आणि गोळा करून खिडकीबाहेर टाकली.

शॉवरच्या जाळीवर रबरी झाकण बसवलेलं होतं. झाकणावर वाळूने भरलेली बादली ठेवली होती. वासाने वैतागून केलं असणार. डॅरेलने बादली बाहेर नेऊन उलटी केली आणि झाकण उचललं.

कोनाड्यात डांबरी साबणाची वडी होती, हॉलिस लहानपणापासून वापरायचा तीच. ती वाळून कोळ झाली होती आणि तिला सुकलेल्या डबक्याच्या तळासारख्या भेगा पडल्या होत्या. दोन महिन्यांत साबण इतका वाळतो का, असं डॅरेलच्या मनात आलं. पण वाळवंटात काय वाळत नाही.

त्याने एक काटकी घेतली आणि जाळीतून खाली वाकणापर्यंत घातली. काटकी ओली होऊन वर आली.

तो काटकी हातात घेऊनच उठला. मग बाहेर जाऊन ओरडला, "बाई, शॉवरमध्ये घातलंत ना तुम्ही पाणी?"

"नाही म्हटलं ना!" वर्नेलबाई तिकडून ओरडल्या. "बहिरा आहेस का भावासारखा?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी वासावर पंचायत बसली. तळावर हे नेहमीचंच. कुणाच्या मोरीला वास येतो म्हटलं, की खुर्च्या आणि कॉफीचे मग घेऊन माणसं येतात, आणि प्रत्येकाकडे एकेक खात्रीचा उपाय असतो.

"बर्फ," पलीकडचा म्हातारा ऑर्विल म्हणाला. तो निवृत्त ट्रकवाला होता आणि पट्ट्याऐवजी दोरी बांधायचा. "दोन पिशव्या बर्फ टाकीत सोड, गाडी खडबडीत रस्त्याने फिरवून आण. टाकी आतून घासून निघते."

"काही निघत नाही," वर्नेलबाई म्हणाल्या. "तू दरवर्षी बर्फ टाकतोस आणि दरवर्षी आम्ही तुझ्या गाडीच्या वाऱ्याला बसत नाही."

"तुझा व्हिनेगर तेवढा चांगला! लोणच्याच्या बरणीत राहतेस की काय असं वाटतं."

डॅरेल हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. हसताना आपल्याला काहीतरी दुखतंय असं वाटून तो लगेच थांबला.

ऑर्विल त्याला वर चढू देत नव्हता, पण डॅरेल ऐकणाऱ्यातला नव्हता. तो शिडी न लावताच खिडकीला पाय देऊन छतावर गेला. छतावर टाकीच्या हवेचे दोन पाइप उघडतात. त्यांच्या वाटे घाण हवा वर निघून जायची असते. एका पाइपात गांधीलमाश्यांनी मातीचं घर बांधून तोंड बुजवलं होतं. त्याने ते स्क्रूड्रायव्हरने फोडून काढलं. सिंकखालची हवेची छोटी झडप अडकली होती, ती बदलली. संडासातलं रबर कोरडं पडलं होतं, त्याला ग्रीस लावलं. करड्या टाकीत, म्हणजे धुण्या-आंघोळीचं पाणी जातं त्या टाकीत, भांड्यांचा साबण घातला आणि गाडी तळाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन ती रिकामी केली. बाथरूमच्या छतातला पंखा बंद ठेवला, कारण तो पंखाच वास वर ओढतो.

संध्याकाळपर्यंत गाडीतला वास गेला. शॉवर सोडून.

तो वास वेगळा होता. घाणीचा नव्हताच. त्या दोघा भावांच्या आजोळी टेक्ससमध्ये गुरांचं एक तळं होतं. उन्हाळ्यात गुरं ते शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकायची आणि मग तळाशी खुरांचे ठसे आणि काळा गाळ उरायचा. शॉवरमधून त्या गाळाचा वास येत होता.

ऑर्विल आत येऊन वास घेऊन गेला. "वाकणात पाणी आहे म्हणतोस?"

"आहे."

"मग वास येऊच शकत नाही."

"येतोय ना पण."

"मग अजून पाणी ओत. चांगली बादलीभर ओत. वाकण जागं होईल." तो दाराशी थांबला. "आणि खिडक्या उघड्या ठेव, लेका. हा वायू डोक्यात जातो. मागे एकाला त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू यायचं. टाकी साफ केली, कुत्रा गप्प."

डॅरेलने बादलीभर पाणी ओतलं. पाणी उतरताना शॉवरचं भोक नेहमी गुडगुडतं. हॉलिस त्याला ढेकर म्हणायचा. या वेळी आवाज झाला नाही. पाणी जितक्या वेगाने ओतलं तितक्याच वेगाने गेलं, जणू खालून कुणी तोंड लावलं होतं. असं काहीतरी डोक्यात येणं म्हणजे तो वायूच, असं डॅरेलने स्वतःला सांगितलं आणि दुसरी खिडकी उघडली.

वास मात्र तत्क्षणी गेला. आणि त्याच्या जागी, अगदी पुसट, डांबरी साबणाचा वास आला.

४

वाळवंटात नळजोडणी नसते. पाणी गाडीच्या पोटातल्या टाकीत भरून आणायचं आणि पंपाने खेचून वापरायचं. त्यामुळे तिथे आंघोळ हे एकट्याचं काम नव्हतं, निदान हॉलिसच्या घरात तरी. पंपाचं बटण स्वयंपाकघरात. हॉलिस आत उभा राहायचा, डॅरेल बटण दाबायचा. अंग भिजण्यापुरतं पाणी आलं की हॉलिस ओरडायचा आणि डॅरेल बटण बंद करायचा. मग साबण. साबण झाला की आतून भिंतीवर दोनदा टकटक, आणि हाक, "छोट्या, आहेस का?"

"आहे."

तेव्हा पुन्हा पाणी, डोळ्यांवरचा फेस उतरण्यापुरतं. एक थेंब जास्त गेला तर हॉलिस ओल्या टॉवेलने फटका मारायचा.

ती हाक उगीच नव्हती. एकदा डॅरेल पंप बंद करून बाहेर सशामागे पळाला होता आणि हॉलिस साबणात उभ्याउभ्या वाळून पांढरा झाला होता. तेव्हापासून टकटक झाली की हाक यायचीच. डॅरेल हाताच्या अंतरावर असला तरी.

बादली ओतली त्याच्या दुसऱ्या दुपारी डॅरेल टेबलापाशी डब्यातलं चवळीचं कालवण थंडच खात बसला होता. बाहेर ऊन इतकं होतं की वारासुद्धा थकून बसला होता. गाडीत पंप घुरघुरला. अगदी थोडका, झोपेत माणूस कण्हतो तेवढा.

घरगाडीतल्या प्रत्येकाला हा आवाज माहीत असतो. कुठेतरी एखादा नळ ठिबकत असला, की नळ्यांतला दाब उतरतो आणि पंप आपोआप क्षणभर चालतो. डॅरेलने सगळे नळ बघितले. कोरडे होते. त्याने बटण बंद केलं आणि परत येऊन चमचा उचलला.

बाथरूमच्या भिंतीवर दोनदा टकटक झाली.

डॅरेल विचार करून काही करणाऱ्यांपैकी नव्हता. त्याचा हात आधी गेला, मग डोकं. बटण खाली गेलं, पंप धडधडला, आणि बंद दारामागे शॉवरचं पाणी सुरू झालं. डोळ्यांवरचा फेस उतरेल इतकंच. मग ते थांबलं.

त्याने बटण बंद केलं. चमचा अजून दुसऱ्या हातात होता.

दार उघडलं तर आत कुणी नव्हतं. फरशी ओली होती. शॉवरचा नळ बंद होता. नळ आपण उघडा ठेवला असेल, पंप सुरू झाल्यावर पाणी आलं असेल. पण मग बंद कुणी केला? नळ्या तापून कडकडल्या असतील, म्हणून टकटक. पण बरोबर दोनदा? त्याने एकेक शंका काढली आणि एकेक ठेवून दिली. कोनाड्यातला साबण हातात घेतला. तो मऊ झाला होता. भेगा मिटल्या होत्या. अंगठा दाबला तर ठसा उमटला.

डॅरेलने साबण नाकाशी धरला आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून तो कितीतरी वेळ रडला. जानेवारीपासून तुंबलेलं सगळं आलं. भीती वाटायला हवी होती, हे त्याला नंतर सुचलं.

५

त्यानंतर ते रोज व्हायचं. भर दुपारी, माणसं सावलीला आडवी झाली की. दोनदा टकटक, पंप, थोडं पाणी. डॅरेल सकाळपासून त्याची वाट बघायचा. पाणी भरून आणायचा, टॉवेल दाराच्या खुंटीला लावून ठेवायचा. बंद दाराशी पाठ टेकून बसायचा आणि बोलायचा. कारखान्यातला मुकादम कसा होता, थंडीत डोळ्याच्या पापण्या कशा गोठायच्या, फोन का लागला नाही.

उत्तर यायचं नाही. हाकही यायची नाही. टकटक झाली की तो श्वास धरून थांबायचा. दार पातळ होतं, आतल्या माणसाने खाकरलं तरी ऐकू आलं असतं. 'छोट्या, आहेस का?' एवढंच हवं होतं त्याला. तेवढं ऐकलं असतं की त्याला कुठल्याच शंकेची गरज उरली नसती.

पाणी मात्र रोज थोडं जास्त वेळ चालायचं. आणि करड्या टाकीचा काटा हलत नव्हता. घरगाडीतले काटे खोटंच बोलतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याने टाकी रिकामी करायला नेली तर तिच्यातून हात धुतल्याचं आणि भांड्यांचं पाणी निघालं, तेवढंच. त्याने नळी झटकून बघितली. मग नळी गुंडाळून ठेवली आणि तो विषय मनातून काढून टाकला.

एप्रिल लागला तसा तळ मोकळा होऊ लागला. उन्हाळ्यात तिथे कुणी राहत नाही. राहता येत नाही. रोज सकाळी एखादी गाडी हॉर्न वाजवत निघायची आणि तिच्या जागी टायरचे दोन पट्टे उरायचे. ऑर्विल जाताना बर्फाची पेटी देऊन गेला. "टाकीत टाक," म्हणाला, आणि स्वतःच हसला.

वर्नेलबाई निघाल्या त्या दिवशी त्यांनी पीचचा केक करून आणला. पायरी चढून आत आल्या आणि थांबल्या. कुत्रा मात्र दाराबाहेरच बसला. ओढलं तरी येईना.

"चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आयडाहोला. माझ्या लेकीच्या शेतात जागा आहे. गाडी उभी कर, हवं तेवढं राहा."

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. पुढच्या महिन्यात इथे अंडं फोडलंस तर बोनटवर शिजेल." त्यांनी नाक वर केलं. "हा कसला वास?"

"साबण. हॉलिसचा."

"डांबरी?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इथे आंघोळ करतोस?"

"मग कुठे करू?"

"तो नव्हता करत. तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत बंद केली होती त्याने. गावातल्या धुलाईघरात शॉवर आहेत ना, पैसे टाकून वापरायचे, तिथे जायचा. आठवड्यातून दोनदा. माझा बकरीच्या दुधाचा साबण न्यायचा, परत करायचा नाही." त्या केकवरचा कागद सारखा करत बोलत होत्या. "तिथेच तर गेला बिचारा. आंघोळ करून, कपडे वाळायची वाट बघत खुर्चीत बसलेला. लोकांना वाटलं डुलकी लागली. त्याचे कपडे यंत्रात वाळून तसेच फिरत राहिले."

हे डॅरेलला कुणी सांगितलं नव्हतं. धुलाईघरात गेला एवढंच माहीत होतं.

"इथे का नव्हता करत?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, वास येतो. मी म्हटलं, अरे मग पाणी ओत. तर म्हणाला..." त्या थांबल्या. "काय म्हणाला बरं? हां. 'पाणी ओतलं की येतो.' मी म्हटलं, उलटं बोलतोस, बाबा. पाणी ओतलं की वास जातो. थकला होता रे तो. हाडं दिसायला लागली होती. तुला फोनवर सांगितलं नसेल."

बाहेर कुत्रा एकदाच भुंकला. वर्नेलबाईंनी डॅरेलचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याला सोसवेल त्याहून जरा जास्त वेळ.

"उद्या निघ," त्या म्हणाल्या. "गाडी राहू दे, पिकअप घेऊन ये. वस्तूंचं काय एवढं."

"हो, बाई."

त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मग धूळ बसली. मग तळावर फक्त डॅरेल उरला.

६

त्याने खिडकीखाली जाऊन चिकटपट्टीचा गोळा शोधला. वाऱ्याने तो झुडपाखाली नेला होता. उलगडला तर वाळू चिकटून तो निकामी झाला होता. रबरी झाकण सापडलं. बादलीही होती. वाळू तर सगळीकडेच होती.

झाकण हातात घेऊन तो शॉवरच्या पायरीशी उभा राहिला. साबण कोनाड्यात चकाकत होता. वाळवंटात, दुपारी, कोरड्या शॉवरमध्ये तो नुकताच कुणी वापरून ठेवल्यासारखा ओला होता. त्यावरचा अंगठ्याचा ठसा डॅरेलचा नव्हता. हॉलिसचा असू शकत होता. हॉलिसचा अंगठा रुंद होता. हा त्याहूनही रुंद होता.

त्याने झाकण जाळीवर ठेवलं. बादलीत वाळू भरून आणली. आता ती त्यावर ठेवायची, दार लावायचं, हॉलिसचा खोका उचलायचा आणि निघायचं. संध्याकाळी वर्नेलबाईंना गाठता आलं असतं. त्या हळू चालवतात.

त्याने बादली खाली ठेवली, पण झाकणावर नाही. पायरीवर. वर्नेलबाईंना काय कळतं, असा एक राग त्याच्या मनात उसळला. म्हातारी बाई, काय ऐकलं आणि काय नाही. हॉलिस थकला होता म्हणजे आजारी होता. आजारी माणूस काहीही बोलतो. तो आत नसेल तर मग कोण साबण लावतं? कोण टकटक करतं? हा सगळा विचार त्याने मोठ्याने केला, स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत, हातवारे करत.

दोनदा टकटक झाली.

डॅरेल थांबला. "हॉलिस?"

काही नाही.

"हॉलिस, विचार ना. एकदा विचार. मग पंप लावतो."

पत्रा तापून कुरकुरला. भिंतीवर दोनदा टकटक झाली, जराही घाई नसलेली, आधीच्याच लयीत.

त्याने बटण दाबलं.

पाणी सुरू झालं. फेस उतरण्याइतका वेळ गेला. अंग धुण्याइतका गेला. हॉलिसने आत्तापर्यंत दार उघडून ओल्या टॉवेलने त्याला झोडपून काढलं असतं. पंप धडधडत राहिला. टाकी त्याने सकाळीच काठोकाठ भरली होती. भोकातून गुडगुड नाही, खालच्या टाकीत पडल्याचा आवाज नाही. पाणी फक्त जात होतं.

बाथरूमचं दार सरकतं होतं. त्याने ते हातभर सरकवलं.

शॉवरला दुधी प्लास्टिकचा पडदेवजा दरवाजा होता. त्यामागे कुणीतरी उभं होतं. उंची हॉलिसचीच होती. खांदेही, जवळजवळ. डॅरेल आनंदाने पुढे झाला आणि तिथेच थबकला. कारण आंघोळ करणाऱ्या माणसाचे हात हलतात. तो डोकं चोळतो, काख धुतो, पाय उचलतो. याचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. डोकं मागे टाकलेलं होतं, माणसाची मान जाते त्याहून मागे. पाणी थेट तोंडाच्या जागी पडत होतं आणि अंगावरून ओघळत नव्हतं. खाली दाराच्या फटीशी रबरी झाकण बाजूला सारलेलं पडलं होतं.

तो आंघोळ करत नव्हता.

डॅरेलने दार हळूच परत सरकवलं, झोपलेल्याचं लावावं तसं.

मग टाकी संपली. पंप कोरडा पडला की त्याचा आवाज बदलतो. तो रिकाम्या डब्यासारखा खडखडतो आणि तसाच चालू ठेवला तर जळतो. डॅरेलने बटण बंद केलं. गाडीत तळ्याच्या तळाचा वास पसरला, खुरांच्या ठशांचा, शेवटचा घोट घेऊन गेल्यानंतरचा.

दोनदा टकटक.

"पाणी संपलं," डॅरेल म्हणाला. आपला आवाज साधाच आला याचं त्याला नवल वाटलं. "थांब. आणतो."

७

पिकअपच्या मागे निळे कॅन खडखडत होते. तळाच्या बाहेर रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवीकडे पाण्याचा नळ आणि टाकी रिकामी करायची जागा, डावीकडे हमरस्ता. शेजारच्या सीटवर हॉलिसचा खोका होता. तो निघताना का उचलला, हे डॅरेलला सांगता आलं नसतं.

फाट्यावर त्याने गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं. हमरस्त्यावर एक लांब ट्रक उत्तरेकडे जाताना दिसला, मग उन्हात विरघळला.

तो हॉलिस नव्हता. हे त्याला आता पक्कं माहीत होतं. हॉलिसने पाणी तोडून, फुली मारून, वाळू रचून ती वाट बंद केली होती आणि डॅरेलने ती दोन दिवसांत मोकळी केली होती. हॉलिस इथे खोक्यात होता, दोन किलो, कुठेही येणार नव्हता आणि काहीही मागणार नव्हता. मागे तळावर जे होतं ते हॉलिसचं नव्हतं. पण हॉलिस भिंतीवर जिथे टकटक करायचा ती जागा त्या आतल्याला माहीत होती. आता साऱ्या जगात ती आणखी कुणाला माहीत होती?

डॅरेल उजवीकडे वळला.

त्याने सगळे कॅन भरले. परत आला. घरगाडीच्या कुशीतलं झाकण उघडून एकेक कॅन आत रिता केला. मग आत जाऊन त्याने खोका टेबलावर ठेवला, त्यावर चष्मा ठेवला, आणि स्टूल ओढून बटणाशेजारी बसला. बाहेर ऊन तसंच होतं. तळभर टायरचे पट्टे होते आणि एकही गाडी नव्हती.

बाथरूमच्या भिंतीवर दोनदा टकटक झाली.

तो थांबला. नेहमी थांबायचा तितकाच वेळ, त्या तीन शब्दांना पुरेल इतका.

कुणी काही विचारलं नाही.

"आहे," डॅरेल म्हणाला, आणि बटण दाबलं.